काचेवरची साक्ष : गोलाकार तारकागुच्छांच्या छायाचित्रांचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांनी दुर्बिणीच्या वाटेला का जावं? उत्तर साधं आहे. ‘आपल्याला जे कळतं, ते कशावरून कळतं?’ हा आमच्या विषयातला सगळ्यात जुना प्रश्न. न्यायदर्शनात त्याला प्रमाणविचार म्हणतात. या प्रश्नाचं एक फार चांगलं उदाहरण गेल्या सव्वाशे वर्षांच्या खगोलशास्त्रात आहे आणि आमच्या वर्गांत ते कधी शिकवलं जात नाही. काचेच्या प्लेट, त्यांवर उमटलेले हजारो काळे ठिपके, आणि त्या ठिपक्यांवरून काढलेला एक निष्कर्ष : आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही. हा निष्कर्ष कसा निघाला, त्यात कुठे चुकलं आणि चुकूनही तो टिकला कसा, हे आज आपण पाहू.

वस्तू कोणती?

तारकागुच्छ म्हटलं की आपल्याला कृत्तिका आठवतात. नुसत्या डोळ्यांनी सहा-सात तारे, दुर्बिणीतून बरेच जास्त. पण कृत्तिका हा ‘खुला’ गुच्छ आहे. तारे विखुरलेले, मोजके, वयाने तरुण. गोलाकार तारकागुच्छ ही निराळीच गोष्ट आहे. त्यात लाखो तारे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने एका गोळ्यात बांधलेले असतात. मध्यभागी दाटी, कडेला विरळ. वयाने ते फार जुने, साधारण बारा-तेरा अब्ज वर्षांचे. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून अधिक गुच्छ माहीत आहेत.

त्यातला सगळ्यात तेजस्वी म्हणजे नरतुरंग समूहातला ओमेगा सेंटॉरी. महाराष्ट्रातून तो चांगला दिसतो, आणि युरोपातल्या बहुतेक लोकांना मात्र दिसत नाही, हे आपलं भाग्य. मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास अंधाऱ्या जागेवरून दक्षिणेला पाहा. हात लांब करून धरलेली वीत क्षितिजावर उभी केली, तर तिच्या टोकाच्या थोडं वर एक पुसट, कापसाच्या बोंडासारखा ठिपका दिसेल. टॉलेमीने त्याला ताराच मानलं होतं. १६०३ मध्ये बायरने आपल्या नकाशात ताऱ्यांसारखं ग्रीक अक्षर दिलं, तेच नाव अजून चालू आहे. १६७७ मध्ये एडमंड हॅली सेंट हेलेना बेटावर गेला, तेव्हा हा तारा नाही हे त्याच्या लक्षात आलं. पुढे १७१४ मध्ये त्यानेच शौरी समूहातला एक गुच्छ नोंदवला. आज त्याला एम १३ म्हणतात.

१७६४ मध्ये शार्ल मेसिएने हाच एम १३ पाहिला आणि नोंद केली की ही गोल अभ्रिका आहे, हिच्यात एकही तारा नाही. काही वर्षांनी विल्यम हर्शेलने मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, तर त्याला हजारो तारे दिसले. ‘गोलाकार गुच्छ’ हा शब्दप्रयोग हर्शेलचाच. आता इथे थांबून विचार करा. मेसिए हा अतिशय काळजीपूर्वक पाहणारा माणूस होता. त्याने खोटं लिहिलं नाही. त्याला तारे दिसले नाहीत, म्हणून त्याने ‘नाहीत’ असं लिहिलं. ‘न दिसणं’ आणि ‘नसणं’ यांतला हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा आपल्या वाटेत येणार आहे.

डोळा आणि प्लेट

हर्शेलच्या काळात दुर्बिणीतून पाहिलेलं सांगायचे दोनच मार्ग होते : शब्द आणि हाताने काढलेलं चित्र. एकाच गुच्छाची दोन माणसांनी काढलेली चित्रं जुळत नसत. त्यात कुणाचा दोष नव्हता. हजारो ठिपक्यांची दाटी हाताने कोण काढणार? चित्रकार आपल्याला जाणवलेला आकार काढायचा. त्यामुळे पुढच्या माणसाला आधीच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागे, नाहीतर स्वतः दुर्बिणीपाशी जावं लागे.

१८३९ मध्ये छायाचित्रणाची घोषणा झाली. १८५० मध्ये हार्वर्ड वेधशाळेत अभिजित ताऱ्याचा फोटो निघाला. पण खरा फरक पडला तो जिलेटिनच्या कोरड्या प्लेट आल्यावर, म्हणजे १८७० नंतर. ओल्या प्लेटवर काही मिनिटांतच काम उरकावं लागे. कोरडी प्लेट तासन् तास उघडी ठेवता येते. १८८० मध्ये हेन्री ड्रेपरने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला आणि वाट मोकळी झाली.

डोळा आणि प्लेट यांतला मुख्य फरक नीट समजून घेऊ. डोळा प्रकाश साठवत नाही. क्षणाचा दहावा भाग, आणि आधीचं गेलं. दहा मिनिटं टक लावून पाहिलं म्हणून मंद तारा उजळत नाही. प्लेटचं तसं नाही. तिच्यावर पडलेला प्रकाश साचत जातो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण तिला अक्षरशः लागू आहे. म्हणून जो तारा कोणत्याही डोळ्याला त्या दुर्बिणीतून कधी दिसला नसता, तो दोन तासांच्या एक्स्पोजरनंतर काचेवर ठिपका होऊन बसतो.

गोलाकार गुच्छाचा फोटो घेणं मात्र अवघड काम. पहिली अडचण, पृथ्वी फिरते. दुर्बीण घड्याळाच्या यंत्रणेने ताऱ्यांमागे फिरवावी लागते आणि त्या काळी ती यंत्रणा अचूक नसे. मग माणूस थंडीत तासन् तास एका मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा लावून बसे आणि तारा सरकला की हाताने दुरुस्ती करी. जरा दुर्लक्ष झालं की ठिपक्यांच्या रेघा होतात आणि दाट गुच्छात रेघा झाल्या की सगळं एकमेकांत मिसळून जातं. दुसरी अडचण गुच्छाच्या स्वभावातच आहे. मध्यभाग इतका दाट की कडेचे मंद तारे उमटेपर्यंत एक्स्पोजर दिलं, तर मधला भाग जळून एक काळा डाग होतो. मध्यभाग नीट यावा म्हणून वेळ कमी केला, तर कडा येतच नाहीत. आजही दुर्बिणीला डिजिटल कॅमेरा लावणारे आपले तरुण मित्र कमी आणि जास्त वेळाचे फोटो वेगवेगळे घेऊन कॉम्प्युटरवर एकत्र करतात, ते याच कारणासाठी. म्हणजे गुच्छाचा ‘पूर्ण’ फोटो असा एका एक्स्पोजरमध्ये मिळतच नाही. प्रत्येक प्लेट एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर देते.

आरेकिपा आणि हार्वर्ड

दक्षिणेकडचं आकाश उत्तर गोलार्धातून दिसत नाही. म्हणून हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी १८९० च्या सुमारास पेरू देशात आरेकिपा या डोंगराळ गावाजवळ एक केंद्र उभारलं. तिथे सोलन बेली हे आपल्या कुटुंबासह राहून काम करत. १८९३ मध्ये बेलींनी ओमेगा सेंटॉरीचे सुंदर फोटो घेतले. मग काचेवर चौकटी पाडून सूक्ष्मदर्शकाखाली तारे मोजले. सहा हजारांहून जास्त भरले. ‘असंख्य’ या शब्दाच्या जागी संख्या आली.

त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं. वेगवेगळ्या रात्रींच्या प्लेट शेजारी ठेवल्या, तेव्हा काही ठिपके एका प्लेटवर मोठे आणि दुसरीवर लहान दिसले. म्हणजे त्या ताऱ्यांचं तेज बदलत होतं. अशा ताऱ्यांना आपण रूपविकारी तारे म्हणतो. १९०२ मध्ये बेलींनी ओमेगा सेंटॉरीवरचं आपलं मोठं काम प्रसिद्ध केलं, त्यात एकट्या या गुच्छात असे शंभराहून अधिक तारे होते. बहुतेकांचा बदलाचा काळ साधारण अर्ध्या दिवसाचा. तेज झपाट्याने वाढतं आणि सावकाश उतरतं, पुन्हा वाढतं. गुच्छांमध्ये इतके सापडले म्हणून त्यांना ‘गुच्छ-प्रकारचे’ रूपविकारी म्हणू लागले. आजचं नाव आर आर लायरी.

आमच्या मते खरी कलाटणी इथे आहे. एकच फोटो असेल, तर तो फक्त चित्र असतो. सुंदर असेल, भिंतीवर लावता येईल. दुसरा फोटो आला की तुलना सुरू होते आणि तुलनेतून प्रश्न उभा राहतो. बदल हा कोणत्याच एका प्लेटवर नसतो. तो दोन प्लेटच्या मध्ये असतो आणि तो पाहणाऱ्याला काढावा लागतो.

हे पाहण्याचं काम कोण करत होतं? हार्वर्डला काचा बोटीने येत आणि तिथे बायका त्या तपासत. हेन्रिएटा लेव्हिट ही त्यांतली एक. तासाला तीस सेंट मजुरी. त्या काळी मोठ्या वेधशाळांत रात्री दुर्बिणीवर बसायला बायकांना परवानगी नसे. लेव्हिटने आरेकिपाहून आलेल्या प्लेटवरून मॅगेलनी मेघांतले १,७७७ रूपविकारी तारे शोधले आणि १९०८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. १९१२ मध्ये छोट्या मेघातल्या २५ ताऱ्यांवरून तिने एक नियम दाखवला : ज्याचा बदलाचा काळ जास्त, त्याचं तेज जास्त. या जातीच्या ताऱ्यांना सेफीड म्हणतात. मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. म्हणून त्यांच्या दिसण्यातला फरक हा त्यांच्या खऱ्या तेजातलाच फरक आहे. तिचं ते छोटं टिपण पिकरिंगच्या सहीने निघालं. टिपण मिस लेव्हिटने तयार केलं आहे, असा उल्लेख मात्र आत आहे.

पेरूतल्या ज्या डोंगरावर ती कधी गेली नाही, तिथल्या आकाशाबद्दल तिला त्या डोंगरावर बसलेल्यांपेक्षा जास्त कळलं. हे फक्त फोटोमुळे शक्य झालं. पूर्वी ज्याने पाहिलं त्याचा शब्द प्रमाण असे. आता पाहण्याची जागा आणि समजण्याची जागा वेगळी झाली. तिला दुर्बिणीपासून दूर ठेवण्यात अन्याय होता, तो मान्यच केला पाहिजे. पण काचेने त्या अन्यायाला एक फट ठेवली आणि त्या फटीतून लेव्हिट आत गेली.

धुक्यातला माणूस

आता हार्लो शॅप्ली. जन्म १८८५, मिसूरीतल्या एका शेतकऱ्याच्या घरातला. त्याला पत्रकारिता शिकायची होती, पण विद्यापीठातला तो विभाग तेव्हा सुरूच झालेला नव्हता, म्हणून तो खगोलशास्त्राकडे वळला. १९१४ मध्ये तो कॅलिफोर्नियात माउंट विल्सनला गेला. तिथे ६० इंची, म्हणजे दीड मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. तिकडे जाण्यापूर्वी तो हार्वर्डला बेलींना भेटला होता आणि या मोठ्या दुर्बिणीने गुच्छांतले रूपविकारी तारे पाहा, असं बेलींनीच त्याला सुचवलं. शॅप्लीने नंतर स्वतःच्या आठवणींत हे नोंदवलं आहे.

शॅप्लीची युक्ती समजायला सोपी आहे. रस्त्यावरचे दिवे सारख्याच वॅटचे आहेत हे माहीत असेल, तर जो मंद दिसतो तो लांब. किती लांब, तेही सांगता येतं. दहापट लांब नेला तर दिवा शंभरपट मंद दिसतो. एका गुच्छातले आर आर लायरी तारे जवळजवळ सारख्याच तेजाचे असतात. म्हणजे हे आपले सारख्या वॅटचे दिवे. ते किती मंद दिसतात हे प्लेटवर मोजलं, की गुच्छाचं अंतर मिळतं. ज्या गुच्छांत असे तारे मोजता आले नाहीत, तिथे त्याने सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांचा आणि गुच्छाच्या दिसणाऱ्या आकाराचा आधार घेतला. निळ्या आणि पिवळ्या प्रकाशाच्या निरनिराळ्या प्लेट घेऊन ताऱ्यांचे रंगही मोजले. अशी ६९ गुच्छांची अंतरं १९१८ पर्यंत त्याच्या हातात आली.

त्याआधी सर्वमान्य समज काय होता? हर्शेलने चारी दिशांना तारे मोजले होते. पुढे हॉलंडमध्ये याकोबुस काप्टाइनने प्लेटवरून त्याहून कितीतरी बारकाईने मोजले. दोघांचंही उत्तर एकच : सूर्य मध्याच्या जवळपास. कारण कुठेही पाहिलं तरी तारे साधारण सारख्याच अंतरापर्यंत दिसत.

पण धुक्यात उभा असलेला माणूस स्वतःला नेहमी मध्यभागीच समजतो. चारी बाजूंना शंभर पावलं दिसतात, म्हणून शहर शंभर पावलांचंच आहे असं त्याला वाटतं. त्याने काय करावं? धुक्याच्या वर डोकं काढलेले डोंगर शोधावेत. आसपासच्या गडांवर दिवे लावले आहेत आणि ते जवळजवळ सगळे एकाच बाजूला दिसताहेत, असं लक्षात आलं तर त्याला कळेल की आपण या मुलखाच्या कडेला उभे आहोत.

गोलाकार गुच्छ हे असे गडांवरचे दिवे आहेत. आकाशगंगा ही पोळीसारखी चपटी, पण हे गुच्छ तिच्या खाली-वर, सगळीकडून घेरून असतात. पण आपल्या आकाशात ते सारखे पसरलेले नाहीत. धनू, वृश्चिक आणि त्यांच्या शेजारच्या भागात त्यांची विलक्षण गर्दी आहे. ही गोष्ट शॅप्लीच्या आधीही लोकांच्या लक्षात आली होती. शॅप्लीने तिला अंतरांची जोड दिली. ६९ गुच्छ अवकाशात मांडले, तर त्यांच्या गोळ्याचा मध्य धनू राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे ६५,००० प्रकाशवर्षांवर निघाला. त्याने म्हटलं, आकाशगंगेचा मध्य तो. आपण कडेला.

कोपर्निकसने पृथ्वीला मध्यातून काढलं, ते आपण शाळेत शिकतो. सूर्याला मध्यातून कुणी काढलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पहिल्या घटनेवर केवढी खळबळ झाली, खटले झाले. दुसरीवर १९२० च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांची एक चर्चा झाली आणि लोक घरी गेले. माणसाला आपलं मध्यवर्ती स्थान सोडणं जड जातं असं म्हणतात. दुसऱ्या वेळेस ते इतकं सहज कसं सुटलं, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो. कदाचित एकदा सवय झाली की पुढचं सोपं जातं.

अनुमानात चूक कुठे होती?

आता आमच्या विषयाचा भाग. आजच्या मोजमापानुसार तो मध्य २६ ते २७ हजार प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे शॅप्लीचा आकडा जवळजवळ अडीचपट मोठा होता. दिशा बरोबर, अंतर चूक. का चुकलं?

शॅप्लीने एम १३ चे रंग मोजले होते. अवकाशात धूळ असेल, तर लांबच्या ताऱ्यांचा प्रकाश लालसर व्हायला हवा, सूर्यास्ताला होतो तसा. एम १३ मध्ये त्याला चांगले निळे तारे सापडले. त्याने अनुमान केलं : मधे धूळ नाही, प्रकाश कुठे अडत नाही. म्हणून मंद दिसणारा प्रत्येक दिवा लांबचाच.

नैयायिकांनी याची नेमकी चिकित्सा केलेली आहे. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान करता येतं. पण अग्नी आहे म्हणून धूर आहेच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला सरपण ओलं असावं लागतं. या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. नियम सांगताना उपाधी पाहिली नाही, तर अनुमान फसतं. शॅप्लीच्या अनुमानातली उपाधी कोणती? एम १३ हा आकाशगंगेच्या पोळीपासून बराच वर, मोकळ्या बाजूला आहे. त्या दिशेला धूळ थोडी. त्या एका दिशेवरून त्याने सगळ्या दिशांसाठी नियम केला. धनूकडचे गुच्छ मात्र पोळीच्या जवळ, धुळीच्या आड. ते धुळीमुळे मंद होते, त्याने ते लांब धरले.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. पोळीच्या अगदी लगतच्या पट्ट्यात शॅप्लीला एकही गोलाकार गुच्छ दिसला नाही. तिथे ते नसतातच, तिथल्या गर्दीत ते टिकत नसावेत, असा अर्थ त्याने लावला. इथे आपल्याला मेसिए आठवला पाहिजे. दिसत नाही म्हणून नाही.

भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी ‘अनुपलब्धी’ हे वेगळं प्रमाण मानलं आहे. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे आपल्याला कळतं. पण त्यांनी अट घातली : ही अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आकाशगंगेचा तो पट्टा ही अंधारी खोली होती. धुळीमागे गुच्छ होते, फोटोत येत नव्हते. पुढे त्या बाजूचे गुच्छ सापडत गेले.

आमच्या विद्यार्थ्यांना योग्यानुपलब्धी शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं घड्याचंच उदाहरण देत आलो. ते उदाहरण बरोबरच आहे. पण एवढ्या बारकाईने विचार का करायचा, असं मुलं विचारत, तेव्हा त्यांना हे सांगायला हवं. ती अट पाळली नाही, तर आकाशगंगेचा आकार चुकतो.

चूक सुधारली ती दुसऱ्याच बाजूने. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलरने खुल्या गुच्छांचा, म्हणजे कृत्तिकांच्या भाऊबंदांचा अभ्यास केला. लांबचे खुले गुच्छ त्याला प्रमाणाबाहेर मोठे वाटू लागले. लांबचे गुच्छच तेवढे मोठे का असावेत? उत्तर असं की ते मोठे नव्हते आणि मानले तितके लांबही नव्हते. मधली धूळ त्यांना मंद करत होती. धुकं आहे, हे सिद्ध झालं. त्याबरोबर काप्टाइनचं ‘आपण मध्यभागी’ही गेलं आणि शॅप्लीचं ६५,०००ही गेलं. दिशा मात्र राहिली.

काचा राहतात का?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. निष्कर्ष चुकला, प्लेट चुकल्या नाहीत. बेलींची काच १८९३ सालच्या त्या रात्रीबद्दल जे सांगत होती, तेच ती अजून सांगते. अनुमानं बदलली, नवे लोक आले, त्याच काचांना नवे प्रश्न विचारले गेले. साक्षीदार तोच, उलटतपासणी नवी.

पण त्यासाठी साक्षीदार जिवंत राहावा लागतो. कॅनडाची हेलन सॉयर हॉग हिचं उदाहरण घ्या. शॅप्लीच्याच हाताखाली शिकलेली. १९३१ मध्ये ती नवऱ्याबरोबर व्हिक्टोरियाच्या वेधशाळेत गेली. नोकरी नवऱ्याला होती, तिला नव्हती. तान्ही मुलगी बरोबर घेऊन ती रात्री घुमटात गुच्छांचे फोटो घ्यायची. १९३९ मध्ये तिने गुच्छांतल्या हजाराहून अधिक रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली आणि १९५५ व १९७३ मध्ये ती वाढवून पुन्हा काढली. एकाच गुच्छाचे दहा, वीस, चाळीस वर्षांच्या अंतराने फोटो घेतले, तर ताऱ्यांच्या ठोक्यांचा काळ अगदी किंचित बदलतो आहे का, हे कळतं. हे एका हुशार माणसाचं काम नाही. पिढ्यांचं काम आहे.

हार्वर्डकडे पाच लाखांच्या आसपास काचा आहेत. १९५० च्या दशकात पैशांच्या अडचणीने तिथे नवे फोटो घेणं काही वर्षं थांबलं. त्या वर्षांचं आकाश आता कुणाला विचारायचं? २०१६ च्या जानेवारीत तिथे पाण्याची मोठी पाइप फुटली आणि सुमारे ६१ हजार काचा पाण्यात गेल्या. त्या गोठवून, एकेक साफ करून वाचवण्याची खटपट झाली. बाकीच्या काचांचं स्कॅनिंग त्याआधीच सुरू झालेलं होतं, म्हणून बरं.

आणि आपल्याकडे? बेली आरेकिपाला होते, त्याच काळात पुण्यात मोठी दुर्बीण होती. कावसजी दादाभाई नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून त्यांनी वेधशाळा उभी केली. २० इंची आरशाची दुर्बीण आणली. ती तेव्हा आणि पुढे कित्येक वर्षं भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती. नायगमवालांचा भर वर्णपटांवर होता. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी त्यांनी जेऊर इथे पथक नेलं. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. त्याच वर्षी लेव्हिटचं २५ ताऱ्यांचं टिपण निघालं.

दोन्हीकडे दुर्बिणी होत्या, दोन्हीकडे मन लावून काम करणारी माणसं होती. फरक नंतर पडला. आरेकिपाच्या काचांना हार्वर्डमध्ये कपाट मिळालं, तपासणारे हात मिळाले, वीस वर्षांनी येऊन त्यांना प्रश्न विचारणारा शॅप्ली मिळाला. पुण्यातलं काम एका माणसाच्या नोकरीबरोबर संपलं. माणूस गेला की काम थांबतं, हा अनुभव आपल्या अनेक संस्थांत आपण घेतो. विद्वत्तेची उणीव नसते. मागे ठेवलेलं जपण्याची आणि पुढच्याने ते उघडून पाहण्याची सवय नसते.

ही सवय लागायला आज काय हवं? आठ इंची दुर्बीण, साधा डिजिटल कॅमेरा आणि अंधारी जागा आता कितीतरी हौशी मंडळींकडे आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून काम करते आहे. मे महिन्यात संध्याकाळनंतर श्यामशबल समूहातला एम ३ हा गुच्छ डोक्यावर असतो. त्यात दोनशेहून अधिक रूपविकारी तारे आहेत. त्याचा फोटो काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच रात्री दर अर्ध्या तासाने पुन्हा काढा आणि नंतर एकामागून एक पाहा. काही ठिपके उजळताना आणि काही विझताना दिसतील. बेलींनी जे पाहिलं, ते तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल. मग ते फोटो तारीख, वेळ, एक्स्पोजर, ठिकाण लिहून नीट जपून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा काढा. भिंतीवर लावायला एक सुंदर फोटो पुरतो. ज्ञानासाठी वहीत नोंद असलेले, दिसायला साधे, पुष्कळ फोटो लागतात.

प्रत्यक्ष आणि अनुमान यांत श्रेष्ठ कोण, हा वाद आपल्या परंपरेत पुष्कळ झाला. या इतिहासावरून आम्हाला असं वाटतं की त्या दोघांच्या मध्ये तिसरं काहीतरी लागतं. पाहिलेलं टिकवून ठेवण्याची सोय लागते, म्हणजे ज्याने पाहिलं नाही त्यालाही ते तपासता येतं आणि ज्याने चुकीचं अनुमान केलं त्याला कुणीतरी दुरुस्त करू शकतं. आपण आकाशगंगेच्या कडेला आहोत हे आपल्याला कळलं, ते अशा जपलेल्या काचांमुळे.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः फोटो काढणाऱ्या मंडळींनी. इथे थांबू या.